पान एक्केचाळीसचं शुद्धिपत्र

रविवार, ९ जानेवारी २०००

पुस्तक छापून आलं. तीन हजार प्रती. सुशीलाबाईंनी एक प्रत आधी माझ्याकडे पाठवली. फोनवर म्हणाल्या, "आनंदीबाई, तुमच्या धड्यात मला एक स्वल्पविरामसुद्धा हलवावा लागला नाही. माझी नजर कमी झाली असणार."

हे त्यांचं कौतुक! शिक्षक मंडळाच्या संपादक झाल्यापासून त्या असंच कौतुक करतात.

विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका आहे. हवेवरचा धडा माझा — पान अडतीस ते त्रेचाळीस. शाळेतून निवृत्त झाल्यावर हातून झालेलं पहिलं धड काम. विज्ञान दिनाला प्रकाशन, मग प्रती जिल्ह्यातल्या शाळांत जाणार. मुखपृष्ठ भडक आहे. बाकी ठीक.

सोमवार, १० जानेवारी

नम्रता हसली!

ही माझी पेइंग गेस्ट. यवतमाळची. पाषाणला एका संशोधन संस्थेत हवामानावर पीएच.डी. करते. दीड वर्ष आतल्या खोलीत राहते आहे. ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही, फोनवर पाच मिनिटांच्या वर बोलत नाही, म्हणून टिकली. आधीच्या दोघी टिकल्या नाहीत.

सकाळी पोहे खाता खाता माझं पुस्तक चाळत होती. पान एक्केचाळीसवर फिस्सकन हसली. शेंगदाणा घशात गेला.

"काय झालं?"

"काही नाही जी."

"काही नसताना माणूस ठसका लागेपर्यंत हसत नाही."

मग तिने वाचून दाखवलं. माझंच वाक्य — ‘कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साठून राहतो, उंचावर तो आढळत नाही.’

"बाई, हे चूक आहे."

चौतीस वर्षं मी हे शिकवलं. पायऱ्यांवर तीन मेणबत्त्या, त्यांच्यावर भांड्यातून वायू ओतायचा, सगळ्यात खालची आधी विझते. मुली टाळ्या वाजवायच्या. आणि ही कालची पोर म्हणते चूक!

तिची बशी उचलली. त्यात अजून पोहे होते.

मंगळवार, ११ जानेवारी

अबोला. आमटीत मीठ दुप्पट पडलं. तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोघींनी निमूट खाल्ली.

गुरुवार, १३ जानेवारी

अबोला मला परवडत नाही. घरात बोलायला दुसरं आहे कोण? संध्याकाळी तीच चहा घेऊन समोर बसली, सोबत संगणकावरून छापलेल्या कागदांचं भेंडोळं.

मी आधी माझं म्हणणं मांडलं. "जुन्या विहिरीत उतरलेला माणूस गुदमरतो. का? तळाला हा वायू साठलेला असतो. धान्याच्या बंद पेवात तेच. आता बोल."

"बरोबर आहे, बाई. पण विहिरीच्या तळाशी ऊन कुठे पोचतं? वारा कुठे असतो? तिथली हवा हलतच नाही. बाहेरची हवा बसून राहते काय?"

मग तिने तिचं जंगल काढलं. ब्राझीलमधलं. दीड वर्ष ही पोरगी माझ्या घरात बसून ब्राझीलच्या जंगलावर काम करते आहे, आणि मला वाटत होतं ती पावसाचा अंदाज शिकते! मी कधी विचारलंच नाही. हे इथे लिहून ठेवते.

त्या जंगलात एक उंच मनोरा उभारलेला आहे. झाडांच्या शेंड्यांहून उंच. त्याच्यावर वेगवेगळ्या उंचींवर नळ्या लावून हवा ओढतात आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती ते मोजतात. रात्री पानं, खोडं, मातीतलं कुजकं, सगळं जंगल श्वास सोडतं. ऊन नाही, हवा निपचित. वायू झाडांखाली साठत जातो — दहा लाख भागांत साडेचारशेच्याही वर. "इथपर्यंत तुमचं वाक्य खरं आहे," म्हणाली. (मेहेरबानी!) मग ऊन तापतं. तापलेली हवा वर उठते, तिच्याबरोबर रात्रीचा सगळा साठा उठतो. दुपारनंतर ढगांचे डोंगर चढतात, ते ही हवा अकरा-बारा किलोमीटर वर नेतात. तिथली हवा विमानातून बाटल्यांत भरून आणलेली आहे.

"आणि त्या बाटल्यांत काय निघालं?"

"तीनशे सदुसष्ट-अडुसष्ट. खालीही सरासरी जवळपास तेवढंच, बाई. जड म्हणून खालीच बसत असता तर वर काहीच नको होतं ना?"

मी म्हटलं, यंत्र चुकलं असेल.

ती म्हणाली, "अकरा उड्डाणांत अकरा वेळा?"

मी म्हटलं, झोपायची वेळ झाली. साडेसात वाजले होते.

रविवार, १६ जानेवारी

आज काय मजा आली!

मी तिला सांगितलं होतं — कागद दाखवू नकोस, प्रयोग दाखव. मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई नाही. वरच्या मजल्यावरच्या अनंतराव सोहोनींकडे माशांची रिकामी काचपेटी होती. मासे गेल्या गणपतीत वारले. सोहोनी स्वतः पेटी घेऊन खाली आले आणि खुर्ची ओढून बसले. "तिकीट आहे का?" म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून या माणसाला बसायला कुठलीही जागा चालते.

पेटीत दोन मेणबत्त्या — एक बुटकी, एक उंच. तळाला वाटीत खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर. फसफसलं. बुटकी विझली. उंच जळत राहिली. मग नम्रताने एक उदबत्ती विझवून तिचा धूर आत सोडला. गार झाल्यावर तो अधांतरी थबकला — दुधावर साय धरावी तसा, त्या वायूच्या थरावर. थर चक्क डोळ्यांना दिसत होता. चौतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, "बघा! खाली बसला की नाही?"

सोहोनी म्हणाले, "बाई जिंकल्या. चहा?"

नम्रता म्हणाली, "ही रात्र झाली, काका. आता सकाळ करते."

चिमट्याने धरून उकळत्या पाण्याची वाटी तिने अलगद आत ठेवली. दोन मिनिटं काही नाही. मग ती साय एका बाजूने फुगली. फुगून वर चढली, काचेला लागून वळली, दुसऱ्या बाजूने खाली आली, पुन्हा वर! थर मोडला. सगळी पेटी एकसारखी धुरकट झाली. तिने बुटकी मेणबत्ती पुन्हा पेटवली.

जळत राहिली! ज्या जागी मघाशी विझली, त्याच जागी.

मी सातवीला उष्णतेचं अभिसरण शिकवलं. पाणी तापवायचं, तळाला पोटॅशियम परमँगनेटचा खडा, जांभळी रेघ वर चढते, वळते, खाली येते. आठवीला कार्बन डायऑक्साइड शिकवला. दोन्ही उत्तम शिकवले. पण या दोघांची गाठ कधी घालून दिली नाही. एका वर्गाची भिंत मध्ये होती, बस.

आणि मी हसायला लागले. सोहोनी दचकले. त्यांनी मला दहा वर्षांत हसताना पाहिलेलं नाही, असं म्हणाले. खोटं आहे. नव्वद साली गच्चीतून त्यांचं छत गळलं तेव्हा हसले होते.

मंगळवार, १८ जानेवारी

आता प्रश्न असा — पान एक्केचाळीसचं काय करायचं? तीन हजार प्रती. माझं नाव वर. हे वाक्य तीन हजार शिक्षक वाचणार, त्यातला प्रत्येक जण साठ मुलांना सांगणार, आणि ती मुलं पुढे शिक्षक होतील.

दुसरा विचारही आला. लिहिते, लपवत नाही. कुणाला कळणार आहे? नम्रताला कळलं, तीही हसून मोकळी झाली. सोहोनी चहा पिऊन विसरले.

अर्धा दिवस हा विचार डोक्यात होता. जेवणानंतर गेला.

बुधवार, १९ जानेवारी

स्कूटीवर बसले! एकसष्टाव्या वर्षी, नऊवारी नाही म्हणून बरं. नम्रताच्या मागे, कर्वेनगर ते चांदणी चौक ते पाषाण. ती म्हणाली, "बाई, माझा खांदा धरा, गळा नका धरू."

तिच्या सरांना भेटायला गेले होते. एका पोरीच्या सांगण्यावर आणि माशांच्या पेटीवर छापील पुस्तक बदलत नाहीत. मोठ्या माणसाला विचारायला हवं. सर पंचेचाळिशीचे, केस विस्कटलेले. माझं वाक्य वाचलं. म्हणाले, "हे आम्हीसुद्धा शाळेत असंच शिकलो, बाई. विसरायला मला एम.एस्सी.ची दोन वर्षं लागली."

मी म्हटलं, मला एक आठवडा लागला.

सरांनी संगणकावर ते जंगल दाखवलं. रात्री झाडांखाली लाल रंग दाटत जातो. मग ऊन येतं आणि तो लाल सुटतो, पिसारा फुलल्यासारखा वर जातो, फिका होत होत ढगात शिरतो. अख्खं जंगल एक श्वास सोडतं आणि आभाळ तो उचलून घेतं. मी तीन वेळा लावायला सांगितलं. चौथ्यांदा सांगायची लाज वाटली, तर नम्रताने आपणहून लावलं.

येताना चांदणी चौकाच्या उतारावर वारा तोंडावर. मी म्हटलं, अजून थोडं जोरात चालव.

शनिवार, २२ जानेवारी

सुशीलाबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"आनंदीबाई, चौतीस वर्षं कुणी ओरडलं नाही. आणखी एक आवृत्ती ओरडणार नाही."

"शुद्धिपत्र घालायचं. पान एक्केचाळीसवर चिकटवायचं."

"बरं, घालू. नेहमीसारखं — ‘मुद्रणदोषामुळे पुढील मजकूर चुकीचा छापला गेला आहे.’"

"मुद्रकाने काय केलं?"

"मुद्रकाने काहीच केलेलं नसतं हो. शुद्धिपत्रात मुद्रणदोष असंच लिहितात. मुद्रकालाही ठाऊक असतं. तो रागवत नाही."

"मी रागवेन. चूक माझी आहे. तसंच छापा."

सुशीलाबाईंनी चष्मा पुन्हा काढला. शेवटी म्हणाल्या, "प्रकाशनाला जिल्ह्यातले सगळे विज्ञान-शिक्षक येणार. तुमच्या हाताखालून गेलेल्या निम्म्या तरी असतील. तुम्ही व्यासपीठावर बसणार आणि त्यांच्या हातात ही चिठ्ठी. कल्पना आहे?"

आहे. पण मी कधी मुलींना ‘पेन चुकलं’ असं म्हणू दिलं नाही.

गुरुवार, २७ जानेवारी

चिठ्ठीचा मजकूर. दोघी मिळून तीन संध्याकाळ खपलो. नम्रता लिहिते लांबलचक, मी कापते. तिचं म्हणणं, "बाई, तुम्ही कात्री घेऊनच जन्मल्या." खरं आहे.

एका जागी अडलो. तिने लिहिलं होतं ‘ऊन चढल्यावर हा साठा वर उचलला जातो’. मी म्हटलं, ऊन चढल्यावर म्हणजे कधी? वेळ लिही. वेळ नसलेलं निरीक्षण म्हणजे गप्पा. ती म्हणाली, कशाला बाई, राहू द्या ना मोघम. मी ऐकलं नाही. तिने मनोऱ्याचे आकडे काढून पाहिले. दुपारी बारा. सूर्य डोक्यावर. मला पटलं.

शेवटी असं ठरलं:

‘शुद्धिपत्र. पृष्ठ ४१, ओळ ७. "उंचावर तो आढळत नाही" हे विधान चुकीचे आहे. चूक लेखिकेची आहे. बंद, निश्चल जागेत हा वायू तळाशी साठतो. मोकळ्या हवेत अभिसरणामुळे तो वर जातो व मिसळतो. उष्ण प्रदेशातील वर्षावनात रात्री झाडांखाली साठलेला वायू दुपारी बाराच्या सुमारास वर उचलला जातो. — आनंदी खांबेटे.’

नाव घालू नका, असं सुशीलाबाई फोनवर दोनदा म्हणाल्या. घातलं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

चिठ्ठ्या आल्या. पुस्तकांचे गठ्ठेही आले — छापखान्यातली माणसं चिकटवायला तयार नाहीत, त्यांच्याकडे लग्नपत्रिकांचं काम आहे. गठ्ठ्यांनी दिवाणखाना भरला. दिवाण दिसत नाही.

मैद्याची खळ केली. दोन पातेली. किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. खळ पातळ हवी, नाहीतर पान सुरकुततं. नम्रताने आजवर बाटलीतला गोंदच पाहिलेला, तिला सगळं नवीन. नाकाशी धरून म्हणाली, "खायला पण चालेल, बाई." मोरचूद आहे, हे वेळेवर सांगितलं.

रविवार, १३ फेब्रुवारी

दिवसभर चिकटवलं. मी, नम्रता, सोहोनी आणि सुशीलाबाई! त्या बोलावल्याशिवाय आल्या, पदर खोचून बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या चुकीला मी आणि माझा रविवार."

पद्धत बसवली. सोहोनी पान उघडून द्यायचे, मी खळ लावायची, नम्रता चिठ्ठी ठेवायची, सुशीलाबाई फडक्याने दाबायच्या. सोहोनींनी एकदा पान एकतीस उघडून दिलं. चौदा प्रतींनंतर लक्षात आलं. सुशीलाबाई म्हणाल्या, "बँकेचं काय झालं असेल!"

चौदा चिठ्ठ्या ओल्या असतानाच सोडवून योग्य पानावर लावल्या.

दुपारी पिठलं-भात. जागा नव्हती, गठ्ठ्यांवर ताटं ठेवून जेवलो. नम्रताने यवतमाळचा ठेचा काढला. सुशीलाबाईंनी बोटभर घेतला, डोळ्यांतून पाणी, तरी पुन्हा मागितला.

आठशे चाळीस झाल्या. शाळा सुटल्यापासून इतकी माणसं माझ्या घरात एकदम बसलेली नव्हती.

रविवार, २० फेब्रुवारी

संपल्या. बोटांना अजून खळीचा वास येतो. घर एकदम शांत वाटतं.

सोमवार, २८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. सभागृह भरलेलं. वाटलेल्या प्रती पावणेतीनशे. मी व्यासपीठावर, डावीकडून तिसरी. समोर ओळखीचे चेहरे — सगळ्या आता चाळिशीच्या, चष्मे लागलेल्या. पानं उलटल्याचा आवाज. चिठ्ठी चिकटवलेलं पान जाड असतं, पुस्तक आपोआप तिथेच उघडतं. हे आम्हाला सुचलंच नव्हतं!

सगळं सभागृह माझी चूक वाचत होतं.

माझी पाळी आली. भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, "ज्यांनी ज्यांनी वर्गात हेच शिकवलं, त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. मग मागच्या रांगेत येरवड्याच्या एका शाळेतल्या कांताबाईंनी हात वर केला. मोठ्याने म्हणाल्या, "तुम्हीच तर शिकवलं होतंत, बाई!" हशा पिकला. मग एक हात, दोन, दहा — बघता बघता सगळं सभागृह. सुशीलाबाई व्यासपीठावर बसलेल्या. त्यांनीही हळूच हात वर केला, जेमतेम कोपरापर्यंत.

मी म्हटलं, "छान. आता खाली घ्या. उद्यापासून नाही शिकवायचं."

मग नम्रताने काचपेटीचा प्रयोग करून दाखवला. साय फुगली आणि वर चढली तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या, मागून ओरडा झाला — "खाली बसा!" शाळेतल्या पोरींसारखा! कांताबाई पेटीचं माप लिहून घेऊन गेल्या, त्यांना उद्याच वर्गात करायचंय.

पाय दुखून बोलताहेत, पण झोप येत नाही. आनंद झाला की मला झोप येत नाही, हे विसरले होते.

शुक्रवार, ३ मार्च

नम्रता भर दुपारी घरी आली. पाणीही न पिता म्हणाली, "बाई, बारा नाही. आठ."

मनोऱ्याच्या आकड्यांत वेळ ग्रिनिचची होती. संस्थेतल्या इतर आकड्यांत जिथली मोजणी तिथलीच वेळ असते, म्हणून हिने हीही ब्राझीलची धरली. चार तास वजा करायचे राहिले. वायू वर जातो ते खरंच — पण दुपारी बाराला नाही, सकाळी आठला. तिच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण चार तास मागे सरकलं. सरांच्या लक्षात आलं नव्हतं, कुणाच्याच नव्हतं. सरांना आपणहून सांगून आली. पुढे म्हणाली, "चिठ्ठीवर या वेळी माझं नाव घाला."

"वेळ लिही म्हणून हट्ट कुणी धरला होता? दोघींचं घालू."

वाटलेल्या पावणेतीनशेंना पोस्टकार्डं. बाकीचे गठ्ठे सोमवारी शाळांकडे निघणार होते, ते थांबवायचे. सुशीलाबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

मग म्हणाल्या, "शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र. बरं. मैदा मी आणते — ठेचा आहे ना?"